निफाडकरांचा उघडा वायफाय

अशोक निफाडकरांच्या घरात नवं इंटरनेट बसलं, त्या दिवशी त्यांनी पुण्याला बायकोला फोन करून सांगितलं, "कल्पना, आता तू तिकडून फोटो पाठवलास की डोळ्याचं पातं लवायच्या आत इथं हजर!"

त्यानंतर एकही फोटो आला नाही.

हे फोटो यायचे ते एका फ्रेमवर. दिसायला साधीच, काळ्या पट्टीची, जेवणाच्या टेबलावर भिंतीला टेकून उभी. पण तिला स्वतःचा ई-मेल पत्ता होता. तन्वीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, नोकरी लागल्यावर पहिल्यांदा काही घेतलं असेल तर ही फ्रेम, आणि ती बाबांना दिली होती. तिच्या पत्त्यावर फोटो पाठवला की तो आपोआप फ्रेमवर उमटायचा. त्या काळी नाशिकहून माणसं ती बघायला यायची. आता त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली होती की, फ्रेम बनवणारी कंपनीसुद्धा कुठे राहिली नव्हती. पण निफाडकर सिल्वासाजवळच्या सायलीतल्या एका धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर होते. चालती वस्तू जुनी झाली म्हणून टाकून देणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. कारखान्यात त्यांच्या हाताखाली त्यांच्यापेक्षा वयाने मोठी यंत्रं गुमान चालत होती.

कल्पनाताई तन्वीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या, त्या तिथेच राहिल्या. आधी बाळ लहान म्हणून, मग तन्वीची रजा संपली म्हणून, मग पाळणाघर चांगलं मिळेना म्हणून. प्रत्येक कारण इतकं रास्त होतं की, त्यावर भांडायचीही सोय नव्हती. निफाडकर सिल्वासात एकटे राहिले. डबा लावला. संध्याकाळी कामावरून आले की डबा उघडायचे, फ्रेम सुरू करून समोर ओढायचे, नातवाकडे बघत जेवायचे आणि झोपताना फ्रेमचं बटण बंद करायचे. कधीकधी बोलायचेही. "आज भेंडी आहे," असं. फ्रेम काही उलट बोलायची नाही, पण भेंडी एकट्याने खाण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

कुटुंबात त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं, "मोबाइलवर फोटो पाठवू नका. काडेपेटीएवढ्या पडद्यावर मी माझा नातू बघणार नाही. फ्रेमवरच पाठवा." त्यामुळे सगळे फोटो इमानेइतबारे फ्रेमच्या पत्त्यावर जात होते आणि फ्रेमला नवं इंटरनेट दिसतच नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्या बिऱ्हाडांची जुनी नेटवर्कं ती ओळखायची. घरच्याच नव्या पाहुण्याला मात्र ओळख द्यायला तयार नव्हती. तिच्या पोटात आधीचे जे थोडे फोटो होते तेच ती आलटूनपालटून दाखवायची. एक बारशाचा, एक पाळण्यातला आणि एक कुणाच्या तरी चुकून बोट लागल्याने आलेला छताच्या पंख्याचा. पुण्यात नातू चालायला लागला. सिल्वासात तो अजून पाळण्यातच होता.

खरं तर एका वाक्यात विषय मिटला असता, "फ्रेम चालत नाहीये, मोबाइलवर पाठवा." पण जुनी लाइन तोडून नवी घेऊ नका, असं कल्पनाताईंनी बजावून सांगितलं होतं. शिवाय मेंटेनन्स मॅनेजरच्या घरातली फ्रेम बंद! निफाडकरांनी ठरवलं, एक-दोन दिवसांत दुरुस्त करू. तोपर्यंत वेळ मारून नेऊ.

"अहो, फोटो बघितलात?" कल्पनाताईंनी फोनवर विचारलं.

"बघितला की! काय गोड हसतोय!"

"हसतोय? लस दिल्यावरचा फोटो आहे तो. भोकाड पसरलंय त्याने."

"तेच ते. रडतानाही हसल्यासारखा दिसतो, नाही?"

तिथून सुरुवात झाली. दुसऱ्या वेळी ते जास्त सावध होते. "बघितलात?" म्हटल्यावर म्हणाले, "हो. नाक अगदी तुझ्यावर गेलंय." कल्पनाताई म्हणाल्या, "बरं," आणि विषय बदलला. निफाडकरांना वाटलं, लाजली असेल.

दुरुस्तीला मात्र काही केल्या हात लागेना. पहिला सल्ला आला तो समोरच्या दारातून. सोसायटीचे सेक्रेटरी नटुभाई समोरच राहायचे. मराठी माणसांच्या शेजारात उभा जन्म काढल्यामुळे त्यांची मराठी चांगली होती; फक्त घाई झाली की ती गुजरातीत शिरायची. त्यांनी फ्रेम हातात घेतली, उलटी केली, हलवली.

"अशोकभाई, आ तो दिशानो प्रॉब्लेम छे. माझ्या साल्याचा टीव्ही पण असाच होता. पूर्वेला तोंड केलं, चालू!"

निफाडकर इंजिनिअर होते. दिशेवर त्यांचा विश्वास नव्हता. नटुभाई गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि फ्रेम पूर्वेला वळवली. मग, आता केलंच आहे तर, म्हणून उरलेल्या तिन्ही दिशांनाही वळवून पाहिली. पंखा पूर्वेकडून जरा स्पष्ट दिसत होता, एवढाच काय तो फरक.

मग त्यांनी इंटरनेटवाल्यांच्या तक्रार केंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीने अतिशय गोड आवाजात विचारलं, "सर, आपने डिव्हाइस को बंद करके चालू किया?" निफाडकर स्वतः कारखान्यात कामगारांना आयुष्यभर हाच प्रश्न विचारत आले होते. तो आपल्याला कुणी विचारला की कसं वाटतं, ते त्यांना त्या दिवशी समजलं. तक्रार नोंदवली गेली. थोड्याच वेळात मोबाइलवर निरोप आला की तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे, कृपया आमच्या सेवेला तारे द्या. निफाडकरांनी एकही तारा दिला नाही. तेव्हा पुन्हा निरोप आला, आपण तारे द्यायला विसरलात.

दुसऱ्या तक्रारीनंतर खरोखरच एक माणूस आला. त्याने स्वतःच्या मोबाइलवर एक गाणं लावून दाखवलं, गाणं अजिबात अडकलं नाही, तेव्हा तो म्हणाला, "नेट तो मख्खन चल रहा है." निफाडकरांनी फ्रेमकडे बोट दाखवलं. त्याने फ्रेमकडे पाहिलं, निफाडकरांकडे पाहिलं आणि सहानुभूतीने विचारलं, "अंकल, घर में और कोई नहीं है क्या?" त्याला म्हणायचं असावं की घरात मोबाइल-बिबाइल कळणारं कुणी तरुण नाही का. पण निफाडकरांना तो प्रश्न दिवसभर पुरला.

शेवटी कारखान्यातल्या कॉम्प्युटर विभागातल्या परागला त्यांनी गाठलं. पराग पुण्याचा, चाळिशीचा, शांत माणूस. निफाडकर म्हणाले, "माझ्या एका मित्राची फ्रेम आहे."

पराग हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने नीट समजावून सांगितलं. नव्या राउटरमधून दोन प्रकारच्या लहरी निघतात, एक जुनी सावकाश चालणारी आणि एक नवी सुसाट. कंपनीने दोन्हींना एकच नाव दिलंय. जुन्या वस्तूला फक्त जुनी लहर कळते, त्यामुळे ती गोंधळते. दोन्हींना वेगवेगळी नावं द्यायची. "आणि तरी जमलं नाही सर, तर पासवर्डचं कुलूप बघावं लागेल. नवी कुलपं जुन्या वस्तूंना उघडता येत नाहीत. पण तुमच्या मित्राला सांगा, नवीन फ्रेम घेणं सोपं पडेल."

"मित्र ऐकणार नाही," निफाडकर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी राउटरच्या पोटात हात घातला. दोन लहरी वेगळ्या केल्या. नाव काय द्यायचं? अभिमानाने मराठीतच दिलं, ‘निफाडकर निवास’. फ्रेमला ते दिसलं! फक्त अक्षरांच्या जागी चौकोन दिसले. एका ओळीत गुमान बसलेले रिकामे चौकोन. त्या चौकोनांवर बोट ठेवलं की फ्रेम विझायची. निफाडकरांनी नाइलाजाने नाव इंग्रजी केलं. फ्रेमला नाव वाचता आलं, तिने पासवर्ड मागितला, पासवर्ड दिला, तिने बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. कुलूप. परागने सांगितलेलंच. राउटरमध्ये होती ती सगळी कुलपं त्यांनी एकेक लावून पाहिली; फ्रेमच्या वयाचं एकही नव्हतं. शेवटी उरला एकच मार्ग. पाहुण्यांसाठी म्हणून एक तिसरं, वेगळं नेटवर्क काढता येत होतं, आणि त्याला कुलूप न लावण्याची मुभा होती.

निफाडकरांनी त्याला नाव दिलं ‘अशोक ओल्ड’. दार सताड उघडं. फ्रेमच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला.

घरात कुणी नव्हतं म्हणून, नाहीतर त्यांनी टाळी मागितली असती. डबा उघडला, वांग्याची भाजी होती, फ्रेम समोर ओढली. वरून एक फोटो उतरायला लागला. आधी एक पांढरी कड दिसली, मग थोडी भिंत, आणि तिथेच थांबला. जेवण संपलं तरी भिंतच. दुसऱ्या संध्याकाळी ती भिंत टिचभर वाढली. तिसऱ्या संध्याकाळी तर तेवढंही नाही.

आणि त्याच संध्याकाळी त्यांना जिन्यातून आवाज ऐकू आले.

दार उघडून पाहतात तर पहिल्या पायरीपासून खालच्या वळणापर्यंत माणसं बसलेली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक चेहरा, आणि जो तो ओरडून बोलतोय. इमारतीच्या मागे पत्र्याच्या खोल्या होत्या. धुळे-नंदुरबारकडून कारखान्यांत कामाला आलेली माणसं तिथे भाड्याने राहायची. पत्र्याखाली मोबाइलला रेंज मिळायची नाही. ‘अशोक ओल्ड’ची बातमी तिथे कुणी नेली, कोण जाणे.

निफाडकरांचा आवाज चढला, "हे काय आहे? हा जिना आहे की बसस्टँड?"

सगळे एकदम उठले. त्यातला एक उंचसा माणूस पुढे झाला. गोकुळ त्याचं नाव, हे पुढे कळलं. "सायेब, चुकलं. वायफाय उघडं दिसलं, आमाले वाटलं सरकारी शे."

"सरकारी? अशोक माझं नाव आहे!"

"आमाले वाटलं, राजाना नाववर योजना व्हई."

तेवढ्यात पायरीवरून न उठलेली एक बाई, पॅकिंगमध्ये काम करणारी सरुबाई, मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली, "सायेब, आते बंद नका करा. मन्ही माय दिखी ऱ्हायनी." पडद्यावर एक म्हातारी खूप जवळ तोंड आणून बसली होती. तिची नुसती हनुवटी दिसत होती. ती विचारत होती, "जेवन व्हयनं का?"

निफाडकर म्हणाले, "आवाज कमी ठेवा," आणि दार लावून आत आले. आत येऊन त्यांना स्वतःचाच राग आला. जाब विचारायला गेलेला माणूस नियम सांगून परत आला होता. पण राउटर बंद करावा तर फ्रेमही बंद, आणि कुलूप लावावं तरी फ्रेम बंद. टेबलावर अर्धी भिंत तशीच होती. दाराबाहेर मात्र बराच वेळ कुणीतरी कुणाला तरी जेवण झालं का विचारत होतं.

मधल्या काळात पुण्याचे फोन आखडत चालले होते. कल्पनाताई जेवढ्यास तेवढं बोलायच्या. एकदा तन्वीनेच फोन घेतला. "बाबा, आईचा फोटो बघितलात ना?"

"बघितला! झकास आलाय."

"झकास?"

"म्हणजे उजेड चांगला पडलाय. कुणी काढला?"

तन्वी म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा, बाबा," आणि फोन ठेवला. निफाडकरांनी बराच विचार केला आणि दोष नेटवर्कला दिला.

इकडे नटुभाई दार वाजवायला लागले. "अशोकभाई, आ शुं मांड्युं छे? दादरावर मेळो भरला आहे! माझी मिसेस दूध घेऊन येते तर पाय ठेवायला जागा नाही. आणि सांभळो, उघड्या वायफायवरून कोणी फ्रॉड केला ना, पोलीस तमारे घेर आवशे. माझ्याकडे नाही येणार." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुलूप लगावी दो. नाहीतर मला मीटिंग बोलवावी लागेल. मला तुमच्याविरुद्ध मीटिंग बोलवायची नाही. इतने साल के पडोसी हैं."

म्हणण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, हेच वाईट. निफाडकरांनी तक्रार केंद्राला शेवटचा फोन केला की फ्रेमच्या वयाचं कुलूप मिळेल का. मुलगी म्हणाली, आमचा माणूस मंगळवारी येईल, सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान घरी थांबा. निफाडकरांनी रजा टाकली. माणूस आला नाही. येणार नाही हे अनुभवी माणसाला ठाऊक असतं, तरीही तो थांबतो, कारण न थांबल्यास तो नेमका येतो.

पण मंगळवारी दुपारी एक गोष्ट झाली. जिना रिकामा होता. सगळे आपापल्या कारखान्यात. एरवी दिवसा बंद असणारी फ्रेम सुरू ठेवून निफाडकर वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि टेबलावरची भिंत हलायला लागली.

फोटो उतरू लागले. एकामागून एक, इतके दिवस कुठेतरी रांगेत ताटकळलेले. लस दिल्यावर भोकाड पसरलेला नातू. हातात चमचा धरलेला नातू. आणि मग एक कुकर. मूठ तुटलेला कुकर, ओट्यावर ठेवून चारी बाजूंनी काढलेला; मूठ कोणत्या मापाची आणायची, हे विचारण्यासाठी. निफाडकरांना आठवलं, आपण म्हणालो होतो, नाक अगदी तुझ्यावर गेलंय. ते एकटेच मोठ्याने हसले. इतके की डोळ्यांत पाणी आलं.

मग सुरुवातीला अडकलेली ती भिंत परत आली आणि पूर्ण झाली. भिंतीखाली सोफा होता. सोफ्यावर कल्पनाताई बसल्या होत्या. त्यांचा उजवा पाय समोरच्या स्टुलावर होता आणि गुडघ्याखाली पूर्ण प्लास्टरमध्ये होता. त्या हसत नव्हत्या. सरळ बघत होत्या, बघणाऱ्याकडे.

उजेड खरोखरच चांगला पडला होता.

निफाडकरांनी फोन लावला.

"बोला," कल्पनाताई म्हणाल्या.

"पाय कसा आहे?"

पलीकडे कुठेतरी नातू डबा आपटत होता.

"आज आठवण झाली?"

"कल्पना, मी तो फोटो आत्ता बघितला. आत्ता म्हणजे आत्ताच. नवीन लाइन आल्यापासून फ्रेम बंद होती. एकही फोटो आला नव्हता."

"मग झकास म्हणालात ते?"

"अंदाजाने."

"आणि नाक माझ्यावर गेलंय म्हणालात, तो तर कुकर..."

"हो."

कल्पनाताई हसल्या. हसता हसता त्यांचा आवाज मध्येच फाटला. "अहो, बाथरूममध्ये पाय घसरला. तन्वी म्हणाली, बाबांना फोन करते. मी म्हटलं, नको, एकटे आहेत, घाबरतील. फोटो पाठव, बघतील आणि विचारतील. रोज वाट बघायची, आज विचारतील. आणि तुम्ही म्हणता उजेड चांगला पडलाय."

"तू सांगायचं तरी!"

"काय सांगू? फोटो बघूनही ज्याला विचारावंसं वाटत नाही, त्याला काय सांगायचं? मला वाटलं, तुम्हाला आता सवय झालीय. आमच्याशिवाय राहायची."

निफाडकरांना खूप काही म्हणायचं होतं. म्हणायचं होतं की, मी भेंडीची भाजी सुद्धा पंख्याच्या फोटोला सांगून खातो. पण असली वाक्यं त्यांनी उभ्या आयुष्यात म्हटली नव्हती. ते म्हणाले, "मूठ सात लिटरच्या कुकरची लागेल."

"आणली तन्वीने. चुकीची."

"प्लास्टर कधी काढणार?"

"शनिवारी."

"मी येतो."

जाण्यापूर्वी त्यांनी कुलपाचा निकाल लावला. ‘अशोक ओल्ड’ बंद केलं. हिरवा ठिपका विझला आणि फ्रेम पुन्हा बाहेरच्या जगाला पारखी झाली. संध्याकाळी जिन्यावर एकच गलका झाला. निफाडकर दारात आले आणि घसा साफ करून म्हणाले, "नवं नेटवर्क आहे. पासवर्ड देतो. पण जिन्यात बसायचं नाही, मागे पार्किंगच्या कठड्यावर बसा, तिथपर्यंत येतं. सिनेमे बघायचे नाहीत. आणि सेक्रेटरींना सगळ्यांची नावं हवी आहेत."

नटुभाईंची ती अटच होती, आणि तिच्यामुळे निफाडकरांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकेकाला नाव विचारावं लागलं. गोकुळ. लखन. झिपरू. सरुबाई.

"पासवर्ड काय शे?" सरुबाईने विचारलं.

"कल्पना. इंग्रजीत. पुढे एकचा आकडा."

"कोन कल्पना?"

"माझी बायको," निफाडकर म्हणाले. मग, कुणी विचारलं नसताना, पुढे म्हणाले, "पुण्यात असते. पाय मोडलाय तिचा."

शनिवारी पुण्यातल्या दवाखान्यात प्लास्टर कापायची करवत सुरू झाली तेव्हा कल्पनाताईंनी डोळे मिटून नवऱ्याचं मनगट धरलं. करवत निफाडकरांच्या ओळखीच्या जातीची होती. त्यांनी कापणाऱ्याला तिच्या पात्याविषयी एक सूचनाही केली, ती त्याने ऐकली नाही. प्लास्टर निघालं. आतला पाय बारीक झाला होता, कातडी सुरकुतलेली, पांढुरकी.

"बघू नका," कल्पनाताई म्हणाल्या. "कसा झालाय."

निफाडकर बघत राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून पायावरची पांढरी भुकटी पुसली, अगदी घोट्यापर्यंत, सावकाश. कापणारा माणूस म्हणाला की ते आम्ही करतो, तर म्हणाले, "असू द्या."

घरी आल्यावर तन्वीने फ्रेमची सगळी कथा ऐकली. दोन लहरी, रिकामे चौकोन, कुलपं, जिना. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "पण बाबा, तिच्या मागे पेनड्राइव्हची खाच आहे ना? रबरी झाकणाखाली? मी इथून भरून दिला असता."

ते रबरी झाकण निफाडकरांनी अनेकदा पाहिलं होतं. ते त्यांना फ्रेम घसरू नये म्हणून लावलेलं बूड वाटलं होतं.

"ते मला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो का?" कल्पनाताई सोफ्यावरून म्हणाल्या. त्या वेळी नातू आजोबांच्या गुडघ्याला धरून उभा होता आणि हे कोण गृहस्थ, असा चेहरा करून वर बघत होता. ते गृहस्थ खाली बसले आणि त्याला उचलू लागले, तर तो रडायला लागला. निदान या वेळी तो रडतोय, हे त्यांना नीट दिसत होतं.

कल्पनाताईंना पाय जमिनीवर टेकवायचे व्यायाम होते, म्हणजे इतक्यात येणं नव्हतं. रजा संपली. निफाडकर बसने सिल्वासाला परत आले, संध्याकाळी रिक्षातून उतरले, बॅग घेऊन इमारतीच्या मागून पार्किंगमधून आत शिरले. कठड्यावर सगळे ओळीने बसले होते, जो तो आपल्या गावाशी बोलत होता. त्यांना बघून सरुबाईने मोबाइल खाली केला.

"सायेब, बाईना पाय कसा शे?"

इतक्या वर्षांत ‘कसं काय?’ला ‘मजेत’ म्हणायची त्यांना सवय होती. तेच ओठांवर आलं होतं. पण ते म्हणाले, "दुखतो तिचा. टेकवता येत नाही अजून. आणि मलाही बाई, इकडे परत येताना काही बरं वाटलं नाही."

सरुबाई सरकली. लखनही सरकला. निफाडकरांनी बॅग खाली ठेवली आणि कठड्यावर बसले. बसल्यावर काय करायचं हे कळेना, म्हणून त्यांनीही मोबाइल काढला आणि पुण्याला चित्रासकट फोन लावला. असा फोन त्यांनी स्वतःहून कधी लावला नव्हता. काडेपेटीएवढ्या पडद्यावर कल्पनाताई आल्या.

"पोचलात? कुठे बसलाय? मागे कोण आहेत ते?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आत सरुबाईने त्यांच्या खांद्यावरून डोकं पुढे घातलं. "बाई, तुम्हीच का कल्पना? तुमनं नाव रोज टाकतंस आम्ही. पाय दाखवा बरं."

कल्पनाताईंनी पाय दाखवला. सरुबाईने तिळाचं तेल सांगितलं. कल्पनाताईंनी विचारलं, कोमट करायचं का. मग गोष्ट तेलावरून सरुबाईच्या आईच्या गुडघ्यांवर गेली, गुडघ्यांवरून पुण्यातल्या दवाखान्यावर, तिथून नातवावर, आणि नातू पडद्यात आणला गेला तेव्हा गोकुळ आणि झिपरूही बघायला उठून आले. निफाडकर मधे बसून हात लांब करून मोबाइल धरून होते. सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांना तो जरा तिरका धरावा लागत होता, त्यामुळे त्यांना स्वतःला पडद्याची नुसती कड दिसत होती. त्यांच्या बोलायची पाळी काही येईना. एक हात अवघडला, तेव्हा त्यांनी मोबाइल हळूच दुसऱ्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.